तीन दिवसांच्या परिषदेला दहा महिने कशाला?

वर्तमानपत्रात बातमी येते की दिल्लीत, नागपुरात किंवा अहमदाबादला नवसंशोधनाची राष्ट्रीय परिषद भरली, देशभरातून आलेल्या संशोधकांनी आपली यंत्रं मांडली, मंत्र्यांनी उद्घाटन केलं. तीन दिवसांत सगळं आटोपतं. आयोजनात ओळखीचं कुणी असेल तर कळतं की तो माणूस गेले दहा महिने याच कामात बुडालेला होता. साहजिकच प्रश्न पडतो: तीन दिवसांच्या कार्यक्रमाला दहा महिने कशाला? मंडपवाले, केटरर, हॉटेलं शहरात तयारच असतात. पैसे मोजले की झालं.

ज्यांना अशा परिषदेचं बोलावणं येतं, त्यांचा प्रश्न याच्या उलट्या टोकाचा असतो. दहा महिने तयारी चालली होती, तर मला पत्र आठ दिवस आधी का मिळालं?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. मंडप उभारायला तीन-चार दिवस पुरतात. वेळ लागतो तो माणसामाणसांतल्या देवाणघेवाणीला: कुणाला काय विचारायचं, कुणी कधी कळवायचं, आणि कळवलेलं पोहोचलं की नाही हे कुणी पाहायचं. बोलावणं धाडणं हा त्यातला सोपा भाग. उत्तर हातात येईपर्यंत पाठपुरावा करायचा आणि त्या उत्तरानुसार पुढचं ठरवायचं, यात महिने जातात. उत्तरांसाठी दिवस राखून न ठेवणाऱ्या परिषदेची पत्रं मग आठ दिवस आधी निघतात. हे कसं घडतं ते एकेक पायरी घेऊन पाहू.

१. आधी मत मागवलं, मग अधिवेशन भरवलं

इंडियन सायन्स काँग्रेसची सुरुवात आजच्या आयोजकांनीही समजून घ्यावी अशी आहे. रसायनशास्त्राचे दोन ब्रिटिश प्राध्यापक, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमधले जे. एल. सायमन्सन आणि लखनौच्या कॅनिंग कॉलेजमधले पी. एस. मॅकमहॉन, यांना वाटत होतं की भारतात विखुरलेल्या वैज्ञानिकांनी वर्षातून एकदा एकत्र यावं. त्यांनी थेट तारीख जाहीर केली नाही. देशभरातल्या वैज्ञानिकांना पत्रं पाठवून अशा परिषदेबद्दल त्यांचं मत विचारलं. उत्तरं आली, तेव्हा २ नोव्हेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत १७ वैज्ञानिकांची बैठक झाली. प्रत्यक्ष पहिलं अधिवेशन त्याच सोसायटीत १५ ते १७ जानेवारी १९१४ या काळात भरलं. अध्यक्ष होते कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी. १०५ वैज्ञानिक आले आणि सहा विभागांत मिळून ३५ निबंध वाचले गेले.

बैठक आणि अधिवेशन यांत चौदा महिन्यांहून जास्त अंतर आहे, आणि पत्रव्यवहार तर त्याच्याही आधीचा. टपाल बोटीने आणि रेल्वेने जायचं म्हणून एवढा वेळ लागला असं वाटेल. पण टपालाचा वेग हा त्यातला लहान हिस्सा होता. ज्यांना बोलवायचं त्यांना आधी विचारायचं आणि त्यांच्या उत्तरावर परिषदेचा आकार ठरवायचा, ही पद्धत वेळ घेते. आज ईमेल एका क्षणात जातं. उत्तर देणाऱ्या माणसाला मात्र विचार करायला, घरी बोलायला, वरिष्ठांची परवानगी काढायला तेवढेच दिवस लागतात. नियोजनात हे दिवस धरावेच लागतात.

२. यजमान, पैसा, तारीख

तारीख ठरली की परिषद ठरली असं समजलं जातं. तारखेआधी दोन गोष्टी लेखी हव्यात: यजमान कोण आणि खर्च कोण करणार. नाहीतर काय होतं याचं उदाहरण सायन्स काँग्रेसनेच दिलं आहे. तिचं १०९ वं अधिवेशन जानेवारी २०२४ मध्ये भरायचं होतं. आयोजक संघटना आणि केंद्र सरकारचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग यांच्यात निधीवरून वाद झाला, यजमानपद लखनौहून जालंधरकडे गेलं, आणि अखेर अधिवेशन ठरल्या वेळी भरलंच नाही. शंभरहून जास्त अधिवेशनांचा अनुभव गाठीशी असलेल्या परिषदेची ही गत झाली, म्हणून हा मुद्दा मी सर्वांत वर ठेवतो.

सरकारी पैसा असेल तर त्याचं स्वतःचं पंचांग असतं. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. परिषद जानेवारीत असेल तर बिलं, पावत्या आणि उपयोगिता प्रमाणपत्र यांसाठी जेमतेम अडीच महिने उरतात. मंडप, स्टॉल, छपाई यांच्यासाठी निविदा काढायची तर केंद्राच्या वित्तीय नियमांनुसार जाहिरातीपासून सर्वसाधारणपणे किमान तीन आठवडे द्यावे लागतात. उघडणं, तपासणं, कार्यादेश देणं हे त्यानंतर. म्हणजे एका मंडपाच्या कागदपत्रांतच दीड-दोन महिने जातात.

आता तारीख. तारीख ठरवताना बहुतेक वेळा प्रमुख पाहुण्यांची डायरी पाहिली जाते. माझ्या मते पहिली डायरी येणाऱ्याची पाहावी. संशोधक शेतकरी असतील तर भाताची कापणी, उसाचा हंगाम, रब्बीची पेरणी बघायला हवी. विद्यार्थी असतील तर विद्यापीठांच्या परीक्षा. देशभरातून माणसं यायची तर सणही देशभरचे मोजायचे: आपली संक्रांत असते त्याच दिवसांत तमिळनाडूत पोंगल आणि आसामात माघ बिहू असतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर सरकारी घोषणा, उद्घाटनं आणि जाहिराती अडतात, तेही डोक्यात ठेवावं लागतं. राष्ट्रपती भवनात तळागाळातल्या संशोधकांचा जो नवसंशोधन महोत्सव सुरू झाला, तो २०१५ मध्ये मार्चमध्ये भरला होता. दिल्लीच्या हवेचा विचार केला तर हा महिना उत्तम. डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्याने उत्तरेतल्या गाड्या तासन्‌तास रखडतात, मार्चमध्ये ती धास्ती नसते.

३. उलटी मोजणी

नियोजनाची सगळ्यात उपयोगी युक्ती म्हणजे आजपासून पुढे न मोजता परिषदेच्या दिवसापासून मागे मोजणं. एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. समजा, परिषद दिल्लीत ९, १० आणि ११ जानेवारीला आहे आणि वेगवेगळ्या राज्यांतून १२० संशोधक आपापली यंत्रं घेऊन येणार आहेत.

९ तारखेला सकाळी स्टॉल तयार हवेत, म्हणजे मांडणी ८ ला. जानेवारीतलं धुकं लक्षात घेऊन माणसं ७ लाच पोहोचलेली बरी. महाराष्ट्रातून किंवा दक्षिणेतून येणाऱ्याला निदान एक दिवस प्रवासात जातो, तेव्हा निघणं ६ जानेवारीला.

आता रेल्वेचं आरक्षण. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, प्रवासाचा दिवस सोडून. ६ जानेवारीच्या आधीचे ६० दिवस मोजले की ७ नोव्हेंबर येतो. त्या दिवशी सकाळी तिकीट काढायचं तर प्रवाशाचं नाव, वय आणि कुठल्या स्थानकावरून बसणार हे आधी हातात हवं. म्हणून होकार आणि माहिती येण्याची शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर.

होकारासाठी किती दिवस द्यायचे? शहरातल्या प्राध्यापकाला एक आठवडा पुरेल. ज्याच्या गावात पत्र टपालाने जाणार, ज्याला घरच्या जनावरांची आणि शेताची सोय लावून मग हो म्हणायचं आहे, त्याला तीन आठवडे हवेत, त्यातून या दिवसांत दसरा-दिवाळी येतात. म्हणजे निवडीचं पत्र १० ऑक्टोबरपर्यंत निघायला हवं, आणि निवड समितीची बैठक १ ऑक्टोबरच्या आसपास.

त्या बैठकीआधी कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन प्रत्येक यंत्र चालताना पाहिलेलं असावं. कागदावरच्या अर्जावरून निवड केली की परिषदेत न चालणारी यंत्रं येतात. या पाहणीला दोन महिने लागतात, ऑगस्ट आणि सप्टेंबर. मग अर्ज ३१ जुलैला बंद, आवाहन १ जूनला. आवाहनाआधी अर्जाचा नमुना, त्याचे दहा-बारा भाषांतले अनुवाद, प्रत्येक राज्याचा नोडल अधिकारी, जागेचं बुकिंग आणि निधीची मंजुरी. आपण मार्चमध्ये येऊन पोहोचलो. जानेवारी उजाडायला दहा महिने आहेत.

या साखळीतली एक कडी घसरू द्या. निवड समितीची बैठक एका सदस्याला वेळ नाही म्हणून महिनाभर पुढे गेली. पत्रं १० नोव्हेंबरला निघतील, होकार डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत येतील, तोवर स्लीपरची प्रतीक्षा यादी लांबलेली असेल. तत्काळच्या भरवशावर राहायचं आणि निघण्याच्या आदल्या दिवशी कळवायचं, एवढंच आयोजकाच्या हातात उरतं. पत्र उशिरा मिळालेल्या माणसाला टपाल खात्याचा राग येतो. उशीर त्याच्या फार आधी, एका बैठकीच्या टेबलावर झालेला असतो.

४. सहासष्ट रेषा

एवढ्या तारखा पाळायच्या तर कोण कुणाशी बोलणार हे ठरवावं लागतं. एका राष्ट्रीय परिषदेत गटांची यादी करून पाहा: निधी देणारं मंत्रालय, यजमान संस्था, कार्यक्रम समिती, निवड समिती, राज्यांचे नोडल अधिकारी, प्रवास व निवास, भोजन, मंडप व वीज, सुरक्षा व प्रोटोकॉल, प्रसिद्धी, छपाई, स्वयंसेवक. बारा गट झाले. प्रत्येक गट इतर अकरांशी आपापलं बोलू लागला तर किती जोड्या होतील? बारा गुणिले अकरा म्हणजे १३२, आणि प्रत्येक जोडी दोनदा मोजली गेली म्हणून निम्म्या: ६६. सहासष्ट रेषांवरून रोज निरोप धावणार. भोजन समितीला ४०० माणसं कळवली जाणार, निवासवाल्यांना ४६०, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी खरेच वाटणार.

हेच बारा गट एका समन्वय कक्षाशी जोडले की रेषा बाराच उरतात. म्हणून कामाची पहिली शिस्त अशी: प्रत्येक आकड्याला एकच घर. माणसांची संख्या फक्त समन्वय कक्षाच्या तक्त्यात बदलेल, बाकी सगळे ती तिथूनच घेतील, आणि तक्त्याच्या माथ्यावर तारीख व वेळ असेल. दुसरी शिस्त: प्रत्येक गटातून एकच माणूस बोलेल. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ पासून देशभरातल्या वेगवेगळ्या केंद्रांवर एकाच वेळी चालवली जाते. तिच्या सॉफ्टवेअर विभागात विद्यार्थ्यांचे संघ सलग ३६ तास काम करतात. एवढा पसारा पेलतो तो एका साध्या व्यवस्थेमुळे. सहभागी महाविद्यालयाचा एक प्राध्यापक संपर्काची एकमेव व्यक्ती म्हणून नोंदवलेला असतो, आधी महाविद्यालयातच अंतर्गत स्पर्धा होते, आणि तिथून निवडलेले संघ त्याच प्राध्यापकामार्फत पुढे जातात.

पण एका केंद्राकडून बारा दिशांना सूचना सुटल्या म्हणजे समन्वय झाला असं होत नाही. खालून वर बोलायची सोय लागते, आणि ती सोय आपल्याकडे किती जुनी आहे हे वारीत दिसतं. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात रथापुढच्या आणि रथामागच्या दिंड्यांना क्रमांक असतात. मुक्कामी समाज आरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार चोप उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती थांबत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार तिथे जातो, तक्रार ऐकतो, हरवल्या-सापडल्याच्या सूचना होतात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगितली जाते आणि मगच आरती होते. आपल्याला हवी ती व्यवस्था हीच आहे. अडलेल्या गटाचा आवाज बाकीच्यांच्या शांततेत स्पष्ट ऐकू यावा, आणि त्याच्याकडे जायची जबाबदारी केंद्राची असावी.

परिषदेत हे काम रोजच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीने होतं. शेवटच्या महिन्यात रोज ठरल्या वेळी बारा प्रतिनिधी उभ्याउभ्या भेटतात. झालेल्या कामाचा अहवाल कुणी वाचत नाही. फक्त अडलंय कुठे तेवढंच सांगायचं, आणि कोण सोडवणार त्याचं नाव तिथेच लिहायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर हे होत नाही. तिथे अडलेल्याचा निरोप शुभेच्छांच्या आणि फोटोंच्या खाली गाडला जातो. ग्रुप ठेवावा, पण फक्त ॲडमिन लिहू शकेल असा, सूचनांपुरता.

५. पत्र लिहायचं कसं

आता परिषदेतल्या सर्वांत महत्त्वाच्या कागदाकडे येऊ. समजा, जालना जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जुन्या मोटारसायकलचं इंजिन बसवून कोळपणी यंत्र बनवलं आहे आणि त्याची निवड झाली आहे. त्याला नेहमी जातं ते पत्र साधारण असं असतं:

"आपली निवड झाल्याचे कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे. तरी आपण दिनांक ९ ते ११ जानेवारी रोजी उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी. अधिक माहितीसाठी संकेतस्थळास भेट द्यावी."

या पत्रात चूक काहीच नाही आणि उपयोगाचंही काही नाही. शेतकऱ्याला पडलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. तिकिटाचे पैसे कोण देणार? सोबत मुलाला नेता येईल का? हिंदी नीट येत नाही, लोकांना समजावून कोण सांगणार? दीडशे किलोचं यंत्र न्यायचं कसं? नेलं आणि वाटेत मोडलं तर? त्याच यंत्रावर त्याची या हंगामातली भाड्याची कमाई आहे. ते तीन आठवडे बाहेर राहिलं तर नुकसान कोण भरणार?

आता दुसरं पत्र पाहा.

"तुम्ही आणि सोबत एक जण, अशा दोघांचं जालन्याहून जाण्यायेण्याचं तिकीट आम्ही काढू. राहणं-जेवण आमच्याकडे. यंत्र नेण्यासाठी ट्रक २८ डिसेंबरला तुमच्या तालुक्याच्या गावी येईल आणि १८ जानेवारीपर्यंत यंत्र तिथेच परत आणून देईल. वाहतुकीचा विमा आम्ही उतरवला आहे. मंडपात पेट्रोल इंजिन चालवायला परवानगी नाही, म्हणून यंत्र शेतात चालतानाचं दोन मिनिटांचं चित्रीकरण आमचा माणूस येऊन करेल. स्टॉलवर मराठी आणि हिंदी दोन्ही येणारा विद्यार्थी तुमच्यासोबत असेल. खालच्या सहा गोष्टी आम्हाला हव्यात. या नंबरवर मिस्ड कॉल द्या, आम्हीच फोन करून लिहून घेऊ."

सहा गोष्टी अशा: आधार कार्डावर आहे तसं दोघांचं नाव, वय, यंत्राचं वजन, त्याची लांबी-रुंदी-उंची, वीज लागत असेल तर सिंगल फेज की थ्री फेज, आणि तब्येतीचं किंवा खाण्याचं काही पथ्य. लांबी-रुंदी कशाला, असं वाटेल. मंडपाचं दार आठ फुटी असेल आणि यंत्र नऊ फुटांचं, तर ८ जानेवारीच्या रात्री कनात कापावी लागते. थ्री फेजचं एका ओळीत विचारलं नाही तर ऐन वेळी जनरेटर शोधत फिरावं लागतं.

दुसरं पत्र लिहायला लेखनकौशल्य फारसं लागत नाही. त्यातल्या प्रत्येक वाक्यामागे एक निर्णय आधी झालेला असावा लागतो: ट्रकचा, विम्याचा, चित्रीकरणाचा, स्वयंसेवकांचा. निर्णय झालेले नसले की पत्रात शोभा वाढवण्याची विनंती येते. म्हणून निवडपत्राचा मसुदा मे महिन्यातच लिहायला घ्यावा असं मी सुचवतो. मसुद्यातली रिकामी जागा पाहिली की कुठला निर्णय राहिला आहे ते लगेच दिसतं.

भाषेची बाब सोयीपेक्षा मोठी आहे. अहमदाबादच्या आयआयएममधले प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस 'हनी बी नेटवर्क' सुरू केलं, तेव्हा त्याची तत्त्वं ठरली ती अशी: ज्याच्याकडून ज्ञान घेतलं त्याचं नाव लावायचं, ते ज्ञान त्याच्या भाषेत त्याला परत द्यायचं, आणि त्यातून पैसा मिळाला तर त्याचा वाटा त्याला द्यायचा. म्हणून या चळवळीची नियतकालिकं गुजरातीत 'लोकसरवाणी', हिंदीत 'सूझबूझ आसपास की' अशी वेगवेगळ्या भाषांत निघत राहिली. याच विचारातून २००० मध्ये नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन उभं राहिलं, डॉ. रघुनाथ माशेलकर दीर्घकाळ त्याचे अध्यक्ष होते. शेतकऱ्याने सांगितलेली माहिती इंग्रजी पुस्तिकेत छापली आणि त्याला वाचताच आली नाही, तर त्यात काही चुकलंय हे त्याला कळणार कसं? छपाईआधी प्रत्येकाचं पान त्याच्या भाषेत त्याला वाचून दाखवायचं आणि मग त्याची सही घ्यायची. एका पानाला दहा मिनिटांचा फोन पुरतो.

६. मांडण्याआधी नोंदवायचं

नवसंशोधनाच्या परिषदेत एक धोका असतो जो इतर परिषदांत नसतो, आणि तो थेट प्रसिद्धीच्या वेळापत्रकाशी जोडलेला आहे.

पेटंट म्हणजे नव्या शोधावर ठरावीक काळ शोधकाचा हक्क. भारतात हा काळ अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचा. त्याची मूळ अट अशी की अर्जाच्या दिवशी शोध जगापुढे आलेला नसावा. प्रदर्शनात यंत्र उघडं मांडलं, वर्तमानपत्रात त्याची रचना छापून आली, कुणी चित्रफीत टाकली, की तो शोध 'नवा' राहिला नाही असं म्हणायला जागा होते. म्हणजे ज्याचा गौरव करायला बोलावलं, त्याचा हक्क त्या गौरवानेच जाऊ शकतो.

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात यावर एक सवलत आहे. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात शोध मांडला, किंवा शोधकाने विद्वत्संस्थेपुढे निबंध वाचला, तर त्यानंतर बारा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. आयोजकांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. प्रदर्शन अधिसूचित असायला हवं. परिषदेच्या नावात 'राष्ट्रीय' असल्याने ते आपोआप अधिसूचित होत नाही. आणि ही सवलत भारतापुरती. उद्या त्याच शोधासाठी युरोपात अर्ज करायचा झाला तर तिथे प्रदर्शनांना दिलेली मुभा फारच तोकडी आहे.

सरळ मार्ग म्हणजे आधी प्रोव्हिजनल अर्ज करणं. त्यात शोधाचं वर्णन देऊन तारीख राखून ठेवता येते, आणि पूर्ण तपशील बारा महिन्यांत द्यायचा असतो. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर मूळ फी १,६०० रुपये आहे. १२० संशोधकांपैकी समजा ४० जणांच्या यंत्रात पेटंट घेण्याजोगं काही आहे. फीचे ६४,००० रुपये होतात, वर वर्णन लिहून देणाऱ्या वकिलांचा मोबदला. परिषदेच्या एकूण खर्चात हा आकडा मंडपातल्या फुलांच्या ओळीशेजारी बसावा एवढाच आहे, आणि तो अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून असावा असा माझा आग्रह आहे.

यातून उलट्या मोजणीत एक नवी कडी येते. निवड झाली १ ऑक्टोबरला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वकिलांनी अर्ज करावेत. अर्जाचा क्रमांक आल्याशिवाय प्रसिद्धी समितीला त्या यंत्राचा फोटो किंवा रचनेचं वर्णन मिळणार नाही. डिसेंबरातल्या प्रेस नोटमध्ये यंत्र काय करतं ते लिहायचं, कसं करतं ते नाही. हा नियम प्रसिद्धी समितीला आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पाहणीला जाणाऱ्यांनाही लेखी द्यावा, कारण गावात यंत्र पाहून आल्यावर त्याची चित्रफीत उत्साहाने सगळीकडे पाठवण्याचा मोह कुणालाही होतो.

बियाण्यांचं वेगळं आहे. भारतात वनस्पतींवर पेटंट मिळत नाही. वाणांची नोंदणी २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली होते आणि त्यात शेतकऱ्यांच्या स्वतःच्या वाणांना जागा आहे. हा कायदा नव्हता तेव्हाची गोष्ट चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांची. १९८३ मध्ये त्यांना आपल्या भाताच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. ते दाणे त्यांनी जपले, वर्षानुवर्षं निवडत नेले, आणि तयार झालेला बारीक, चवदार भात त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावावरून एचएमटी म्हणून विकला जाऊ लागला. वाण अनेक राज्यांत पसरला. दीड एकराच्या धन्याला त्यातून फारसं काही मिळालं नाही. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनने त्यांची दखल घेतली आणि २००५ मध्ये राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सत्कार झाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले. सत्काराच्या कार्यक्रमाचं नियोजन करणाऱ्याने हे नाव लक्षात ठेवावं. शाल-श्रीफळ देण्यापूर्वी नोंदणीचा अर्ज भरून देणं आपल्या हातात आहे.

७. प्रत्यक्ष तीन दिवस

यावर फार लिहायला नको. आधीचं झालं असेल तर हे दिवस सुरळीत जातात, नसेल तर कुठलीही धावपळ पुरी पडत नाही. उद्घाटनासाठी 'मिनिट टू मिनिट' नावाचा कागद बनतो: १०.५८ पाहुण्यांचं आगमन, ११.०२ राष्ट्रगीत, ११.०४ दीपप्रज्वलन, आणि प्रत्येक ओळीपुढे जबाबदार माणसाचं नाव. पाहुणे दूरदृश्य प्रणालीने बोलणार असतील तर त्यात इंटरनेटच्या दोन वेगळ्या जोडण्या, आदल्या दिवशीची चाचणी आणि आवाज गेल्यास माइक कोण हाती घेणार हे लिहावं लागतं. नागपूरला जानेवारी २०२३ मध्ये सायन्स काँग्रेसचं १०८ वं अधिवेशन झालं, त्याचं उद्घाटन पंतप्रधानांनी असंच दुरून केलं. त्याच अधिवेशनात मुलांची, महिलांची, शेतकऱ्यांची आणि आदिवासींची अशा वेगळ्या विज्ञान परिषदाही होत्या. एका छताखाली इतक्या परिषदा असल्या की प्रत्येकीला स्वतःचा नोडल माणूस आणि स्वतःचं मिनिट टू मिनिट लागतं.

एकच आग्रह धरावासा वाटतो. उद्घाटन लांबलं तर वेळ कापली जाते ती नेहमी संशोधकांच्या सादरीकरणाची, कारण ते कार्यक्रमात शेवटी असतं. भाषणं आठ मिनिटांची आणि सादरीकरणं आधी, असा क्रम एकदा लिहून मंजूर करून घेतला की त्या दिवशी कुणाला वाद घालावा लागत नाही.

८. नंतरचे बारा महिने

प्रत्येक स्टॉलवर एक चौकशी वही ठेवायची: नाव, फोन, काय हवं (यंत्र विकत, परवाना, की नुसती माहिती). रोज संध्याकाळी स्वयंसेवकाने तिचा फोटो काढून समन्वय कक्षात द्यायचा, कारण गर्दीत वह्या हरवतात. प्रवासखर्चाचे अर्ज ११ जानेवारीला तिथेच भरून घ्यायचे आणि पैसे कोणत्या तारखेपर्यंत खात्यात येतील ते पावतीवर लिहायचं. मार्चअखेर जवळ आल्याने हे रेंगाळू देता येत नाही.

मग पाठपुरावा. तीस दिवसांनी पहिला फोन: यंत्र नीट परत आलं का, पैसे मिळाले का, चौकशी करणाऱ्यांपैकी कुणी संपर्क साधला का. नव्वद दिवसांनी दुसरा: एखादा व्यवहार अडला असेल तर कुणाशी गाठ घालून द्यायची. तिसरा सप्टेंबरात, पेटंटवाल्या चाळीस जणांना. त्यांचे प्रोव्हिजनल अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरातले आहेत, बारा महिन्यांची मुदत संपायच्या आत पूर्ण तपशील दाखल झाला नाही तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. हे फोन करणाऱ्या माणसाचं नाव आणि त्याचा वर्षभराचा पगार परिषदेच्या मूळ अंदाजपत्रकात, मार्चमध्येच, मंजूर करून घ्यावा लागतो. परिषद संपल्यावर त्यासाठी वेगळा निधी मिळत नाही.